शौचाच्या जागी न दुखणारी गाठ: ती कशाची असते आणि काय करायचं

आंघोळ करताना किंवा शौचानंतर धुताना बोटाला बारीकशी गाठ लागते. दुखत नाही, रक्तही नाही. मुंबईत अशा वेळी पहिला सल्ला मिळतो तो लोकलच्या डब्यातल्या स्टिकरवरून: मूळव्याध, भगंदर, फिशर, बिना ऑपरेशन, गॅरंटीसह. दुसरा सल्ला नाक्यावरच्या केमिस्टचा, एखादी ट्यूब. दोन्हीकडे एकच गोष्ट राहून जाते: त्या जागेकडे कुणी डोळ्यांनी पाहत नाही. या भागातल्या बहुतेक गाठी नुसत्या बघून आणि बोटाने तपासून ओळखता येतात, पाच-सात मिनिटांचं काम असतं. लाजेपायी ते महिनोन्‌महिने होत नाही आणि तोवर दोन-चार ट्यूबा संपतात.

न दुखणाऱ्या गाठींपैकी बहुतेक निरुपद्रवी असतात, हे खरं. पण ‘दुखत नाही म्हणजे काळजी नाही’ हा हिशोब चुकीचा आहे. दुखणं हे गाठ कुठे आहे आणि तिथे ताण, जखम किंवा पू आहे का, यावर ठरतं. गाठ किती गंभीर आहे याच्याशी त्याचा फारसा संबंध नसतो.

गुदमार्ग साधारण ४ सेंटिमीटर लांब असतो. बाहेरून जवळपास २ सेंटिमीटर आत एक दातेरी रेषा असते. तिच्या खालचं आवरण त्वचेचं, तिथल्या नसा अतिशय हळव्या. वरचं अस्तर आतड्याचं. तिथे दाब कळतो, शौचाला लागल्याची जाणीव होते, पण टोचलेलं किंवा कापलेलं दुखत नाही. म्हणून आतली मूळव्याध रक्ताने घाबरवते पण दुखत नाही, आणि रेषेखालची काही मिलिमीटरची चीर धडधाकट माणसाला रडवते. गुदाशयाचा कॅन्सर सुरुवातीला मुका राहतो तोही याच कारणाने.

आधी घरी काय पाहायचं

शौच झाल्यावर जागा धुवून कोरडी करा. उकिडवं बसून खाली आरसा ठेवा, किंवा डाव्या कुशीवर झोपून गुडघे पोटाशी घ्या आणि मोबाईलने फोटो काढा. (फोटो आपोआप क्लाउडवर चढतो आणि घरातल्या टॅबवरही दिसू शकतो. ती सोय आधी बंद करा.) गाठ किती मोठी आहे ते ठरवा: तांदळाचा दाणा, वाटाणा की बोर. रंग आजूबाजूच्या त्वचेचा आहे, की लाल, निळसर, पांढुरका? दाबली तर मऊ लागते की कडक? कुंथल्यावर मोठी होते का, बोटाने आत जाते का? एकच आहे की बऱ्याच? चड्डीला ओल, पू किंवा रक्ताचा डाग लागतो का? आणि ती किती आठवडे आहे? यावरून निदान होईलच असं नाही, पण डॉक्टरांचे अर्धे प्रश्न हेच असतात.

दाबून फोडायची नाही, सुई लावायची नाही.

त्वचेचा लोंबता पदर

सगळ्यात जास्त वेळा सापडतो तो हाच. डॉक्टर याला स्किन टॅग म्हणतात. मऊ, थोडा सुरकुतलेला, कातडीच्याच रंगाचा किंवा किंचित गडद. चिमटीत धरता येतो, आत ढकलता येत नाही, सकाळ-संध्याकाळ तेवढाच राहतो. कधीतरी तिथली त्वचा आतल्या सुजेने ताणली गेलेली असते: जुनी गुठळी, बाळंतपण, वर्षानुवर्षांचं कुंथणं. सूज उतरते, ताणलेली कातडी मात्र पूर्ववत होत नाही.

अशा पदराबरोबर शौचाच्या वेळी कापल्यासारखं दुखत असेल, तर दुखते ती जवळची चीर, म्हणजे फिशर. अशी चीर बहुतेकदा माकडहाडाच्या बाजूला, मध्यरेषेवर असते आणि पदर तिच्या बाहेरच्या टोकाशी तयार होतो. इथे उपचार चिरेवर करायचा. नुसता पदर कापला आणि चीर तशीच राहिली, तर दुखणं कुठेच जात नाही.

कुठल्याही ट्यूबने हा पदर झडत नाही. गरम पाण्यात बसूनही नाही. मूळव्याधीच्या बऱ्याच ट्यूबांमध्ये स्टेरॉइड आणि बधिर करणारं औषध असतं. ती सूज-खाजेसाठी, आठवड्याच्या आतबाहेर वापरायची असतात. महिनाभर चोळली तर कातडी पातळ होते, बुरशी धरते आणि जिथे गाठ होती तिथे आता गाठ अधिक खाज असा हिशोब होतो. चामखिळीला घोड्याचा केस किंवा दोरा बांधायची जुनी रीत इथे अजिबात वापरू नका. गाठ म्हणजे कातडी समजून बांधलेली ती फुगलेली शीर निघू शकते, आणि कातडी असली तरी सर्वांत हळव्या जागी ती सडवत ठेवायची, तीही रोज मळ लागणाऱ्या ठिकाणी. चुना-सोडा लावणाऱ्यांना भाजल्याची जखम होते, ती वेगळी.

काढायचा कधी? धुताना नीट साफ होत नसेल, ओल राहून सतत खाज येत असेल, किंवा मनाला फारच सलत असेल तर. जागा बधिर करून तो कापता येतो. जखम बहुधा उघडीच ठेवतात, भरायला दोन ते चार आठवडे लागतात आणि पहिला आठवडा शौचाला त्रास होतो. एवढा त्रास केवळ दिसण्यासाठी घ्यावा का, याचं उत्तर बहुतेकांसाठी नाही असंच आहे. एक अपवाद लक्षात ठेवा. मोठे, जाडसर, सुजलेले बरेच पदर असतील आणि जोडीला अनेक आठवड्यांचे जुलाब, पोटदुखी, वजन घटणं असेल, तर क्रोन्स नावाचा आतड्याचा आजार शोधावा लागतो. तिथे पदर घाईने कापले तर जखमा भरत नाहीत.

बाहेर येणारा मोड

शौचाच्या वेळी बाहेर येते आणि नंतर आत जाते अशी मऊ, ओलसर, लालसर गाठ म्हणजे बहुधा आतल्या मूळव्याधीचा मोड. त्याच्या चार पायऱ्या मानतात. पहिलीत बाहेर काहीच येत नाही, फक्त रक्त. दुसरीत मोड कुंथताना येतो आणि आपोआप आत जातो. तिसरीत बोटाने ढकलावा लागतो. चौथीत ढकलूनही आत राहत नाही. ही पायरी डॉक्टरांना सांगता आली तर उपचार ठरवणं सोपं जातं.

पहिल्या दोन पायऱ्यांत पोट साफ ठेवण्यावर बरंच भागतं. नाही भागलं, तर दुसऱ्या आणि काही वेळा तिसऱ्या पायरीत मोडाच्या मुळाशी रबराचं बारीक वळं घालतात. हे दातेरी रेषेच्या वर घालतात, म्हणून भूल लागत नाही. एक-दोन दिवस जडपणा वाटतो. पाच ते दहा दिवसांत वळं आणि सुकलेला मोड गळून पडतो, तेव्हा थोडं रक्त दिसू शकतं. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा रक्त पातळ करणारं दुसरं औषध चालू असेल तर आधी सांगा. आपल्या मनाने ते बंदही करू नका. वळं घातल्यावर वाढत जाणारं दुखणं, ताप आणि लघवी अडणं ही त्रयी दिसली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं.

जाहिरातीत लेझर हा शब्द मोठ्या अक्षरात असतो. लेझर हे हत्यार आहे. ते कशावर चालवायचं हे आधी तपासून ठरतं. तपासणीच्या आधीच पॅकेजचा दर सांगितला गेला, तर तिथून उठावं.

गोल गोल वळ्यांनी आतड्याचा भागच बाहेर येत असेल, विशेषतः वयस्क बायकांमध्ये, तर तो मोड नसून गुदभ्रंश असतो. त्याचा इलाज पूर्ण वेगळा आहे. लहान मुलाच्या शौचाच्या जागेतून गडद लाल, चकचकीत गोळा डोकावत असेल आणि न दुखता रक्त जात असेल, तर मूळव्याध म्हणून चूर्ण देऊ नका. मुलांमध्ये मूळव्याध क्वचित असते, असा गोळा बहुधा पॉलिपचा, म्हणजे आतड्याच्या अस्तरावरच्या मांसल वाढीचा असतो आणि तो दुर्बिणीतून काढता येतो.

गरोदरपणी आलेले मोड बाळंतपणानंतर बरेचसे बसतात. ऑपरेशनचा विचार सहा-आठ आठवडे थांबून करावा.

आधी दुखली, मग थांबली

निळसर, ताणलेली, वाटाण्याएवढी गाठ एका दिवसात आली, दोन-तीन दिवस बसवेना, आणि आता दुखत नाही पण गाठ आहे: ही बाहेरच्या शिरेतली गुठळी. दुखणं कमाल असताना, साधारण पहिल्या तीन दिवसांत, डॉक्टर ती काढू शकतात. त्यानंतर काढण्यात अर्थ नसतो. शरीर ती दोन-चार आठवड्यांत जिरवतं आणि मागे कधी कधी वर सांगितलेला पदर उरतो.

एकापेक्षा जास्त, खरखरीत

बारीक, खरखरीत, फ्लॉवरच्या तुऱ्यासारखे उंचवटे, एकाचे चार होणारे, अधूनमधून खाजणारे: हे एचपीव्ही विषाणूचे चामखीळ. बहुतेकदा ६ आणि ११ क्रमांकाच्या प्रकारांमुळे येतात. ते शरीरसंबंधातून, त्वचेला त्वचा लागून पसरतात. गुदमैथुन झालेलाच असतो असं नाही. संसर्ग होऊन ते दिसायला आठवडे, महिने, क्वचित त्याहून जास्त काळ लागतो. त्यामुळे ‘कुणाकडून आलं’ हे तारखेवरून ठरवायला गेलात तर घरात भांडण होईल, उत्तर मिळणार नाही.

पायाच्या किंवा हाताच्या चामखिळीचं ॲसिड इथे लावायचं नाही. डॉक्टर लावायची औषधं देतात, गोठवतात किंवा जाळतात. पहिल्या काही महिन्यांत परत येणं नेहमीचं आहे, म्हणून पुन्हा दाखवायला जावंच लागतं. बाहेर चामखीळ असतील तर गुदमार्गाच्या आतही बघून घ्यायला सांगा. नाहीतर बाहेरचे जाळले आणि आतले राहिले असं होतं. सोबत एचआयव्ही आणि सिफिलिसची रक्ततपासणी करून घ्यावी. सपाट, ओलसर, करडे-पांढुरके चट्टे सिफिलिसचे असू शकतात. ते जाळायचे नसतात, पेनिसिलिनच्या इंजेक्शनने बरे होतात.

याची तपासणी आणि औषधं सरकारी रुग्णालयांतल्या ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये मिळतात. एचआयव्ही तपासणी सरकारी समुपदेशन केंद्रांत मोफत होते. २०१७ च्या कायद्यानुसार तुमच्या संमतीशिवाय ही तपासणी करता येत नाही आणि निकाल गुप्त ठेवणं बंधनकारक आहे. १०९७ ही राष्ट्रीय हेल्पलाइन त्यासाठीच आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हावॅक लस ६, ११, १६ आणि १८ या चार प्रकारांविरुद्ध आहे. ती असलेले चामखीळ घालवत नाही, पुढचा संसर्ग टाळण्यासाठी असते.

बाकीच्या गाठी

कातडीखाली गोल, सरकणारी, वर काळा ठिपका असलेली गाठ ही सिस्ट, म्हणजे कातडीच्याच पेशींची बंद पिशवी. मऊ, लोण्यासारखी हलणारी ती चरबीची. दोन्ही वाढत किंवा पिकत नसतील तर सोडून देता येतात. गुदद्वारापासून एक-दोन इंचांवर उंचवटा, मधोमध बारीक तोंड, त्यातून अधूनमधून पू येतो आणि पू आला की बरं वाटतं: हे भगंदर. बहुतेकदा आधी कधीतरी तिथे गळू होऊन फुटलेलं असतं. हे मलमाने बंद होत नाही. आत नळी असते, तिचा मार्ग एमआरआयने पाहून शस्त्रक्रिया किंवा क्षारसूत्र (औषधाचा लेप दिलेला दोरा नळीतून ओवणं) ठरवतात. क्षारसूत्र प्रशिक्षित वैद्याकडे, रीतसर रुग्णालयात करायचा उपचार आहे, स्टिकरवरच्या खोलीत नाही. भगंदर वारंवार उलटत असेल तर काढलेल्या तुकड्याची टीबीसाठी तपासणी झाली आहे का, हे विचारा.

कॅन्सरची शंका कधी

गुदद्वाराचा कॅन्सर तुलनेने दुर्मिळ आहे, पण तोही न दुखणाऱ्या गाठीने सुरू होऊ शकतो. कडक, वेडीवाकडी, खालच्या भागाला चिकटलेली, सतत वाढणारी गाठ. न भरणारी जखम. स्पर्शाने रक्त. जांघेत टणक गाठी. एचआयव्ही असलेले, अवयव-प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणारे, सिगारेट ओढणारे आणि एचपीव्हीचा इतिहास असलेले यांनी जास्त सावध राहावं. निदान तुकडा काढून तपासल्यावरच होतं. गुदद्वाराच्या बहुतेक कॅन्सरचा उपचार केमोथेरपी आणि रेडिएशन एकत्र देऊन होतो. पोटावर कायमची पिशवी लागेल या भीतीने लोक लपवतात, आणि लवकर आलेल्यांपैकी बहुतेकांना ती लागतच नाही.

गाठ साधी निघाली तरी काही गोष्टी असतील तर आतूनही पाहावं लागतं: शौचाची सवय सहा आठवड्यांहून जास्त काळ बदललेली, शौचात मिसळलेलं रक्त किंवा चिकट शेंबूड, जाऊनही पोट साफ न झाल्याची भावना, कारण नसताना घटलेलं वजन, कमी हिमोग्लोबिन, घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर. पंचेचाळिशी-पन्नाशीनंतर पहिल्यांदा रक्त गेलं तर ‘मूळव्याधच असेल’ हे कोलोनोस्कोपीआधी, म्हणजे मोठं आतडं दुर्बिणीतून पाहण्याआधी, म्हणू नये.

पोटाचं वेळापत्रक

पदर असो की मोड, तो वाढू न देण्याचं काम शौच मऊ ठेवण्याचं आहे. आणि मुंबईचं रोजचं जगणं नेमकं त्याच्या विरुद्ध चालतं. कसारा किंवा विरारहून पहाटेची लोकल, लोकलला शौचालय नाही, म्हणून निघण्याआधी घाईत कुंथायचं किंवा वेग अडवायचा. बायका तर स्टेशनवरच्या शौचालयांची अवस्था ओळखून पाणीच कमी पितात. चाळीत दाराबाहेर रांग. वेग अडवला की शौच आतड्यात थांबतं, त्यातलं पाणी शोषलं जातं आणि खडा होतो.

खाल्ल्यावर किंवा चहानंतर अर्ध्या तासाच्या आत आतडं आपोआप हलतं. उठल्या उठल्या कोमट पाणी आणि काहीतरी खाणं, मग आंघोळ, मग शौच असा क्रम लावला आणि त्यासाठी वीस मिनिटं लवकर उठलं, तर कुंथावं लागत नाही. बसायचं जास्तीत जास्त पाच मिनिटं. मोबाईल बाहेर ठेवायचा, कारण कमोडवर बसून रील्स बघताना खालच्या शिरांवर ताण येत राहतो. कमोड असेल तर पायाखाली आठ-नऊ इंचांचा पाट घ्या.

तंतुमय अन्न दिवसाला २५ ते ३० ग्रॅम लागतं. दोन मोठ्या ज्वारीच्या भाकऱ्यांतून १० ते १२ ग्रॅम, वाटीभर मटकी किंवा मुगाच्या उसळीतून ५, दोन वाट्या भाजीतून ५-६, एका पेरूतून आणखी ५: झालं. वडापावावर दिवस काढला तर यातलं थोडंच भरेल, कारण मैद्यात तंतू नावापुरते असतात. तरी कमी पडलं तर इसबगोल: रात्री एक चमचा, भरलेल्या पेल्यात ढवळून लगेच प्यायचा, वर आणखी एक पेला पाणी. कोरडा तोंडात टाकला तर घशात फुगून अडकू शकतो. पाणी कमी घेतलं तर शौच उलट घट्ट होतं. पहिले काही दिवस गॅस होतात, म्हणून आठवड्याने दीड-दोन चमचे करा. परिणाम दिसायला दोन-तीन दिवस लागतात. इतर गोळ्या आणि इसबगोल यांत दोन तास ठेवा. मधुमेह असेल तर साखर घातलेला चवीचा प्रकार टाळून साधा भुसा घ्या. सोनामुखीची चूर्णं अडीअडचणीला ठीक, रोज रात्री नाहीत.

धुताना जेट स्प्रेचा जोर कमी ठेवा, साबण व डेटॉल टाळा, मग टिपून कोरडं करा. पावसाळ्यात ओले कपडे अंगावर वाळवत घरी येणं हे या जागेच्या खाजेचं मोठं कारण आहे. कोमट पाण्याचं टब, १० ते १५ मिनिटं, दिवसातून दोनदा, हे सूज किंवा चीर असताना उपयोगी. कोपर बुडवून सोसवेल इतकंच गरम घ्या. त्यात पोटॅशचे (पोटॅशियम परमँगनेटचे) खडे अंदाजाने टाकून भाजून घेऊ नका.

दाखवायला जाताना

जनरल सर्जनकडे जा. खरखरीत चामखीळ वाटले तर त्वचा-गुप्तरोग विभागात. के.ई.एम., नायर, सायन, कूपर किंवा जे.जे. इथे सकाळी केसपेपर काढून ओपीडीत नंबर लागतो. उपाशी जाण्याची किंवा एनिमा घेण्याची गरज नसते, फक्त पोट साफ करून जा. डॉक्टर कुशीवर झोपवतात, बाहेरून पाहतात, कुंथायला सांगतात, जेली लावून बोट घालतात आणि मग प्रॉक्टोस्कोप नावाची छोटी नळी. ताण वाटतो, दुखायला नको. दुखलं तर लगेच सांगा, कारण ती चिरेची खूण असते आणि मग नळी पुढे ढकलायची नाही. बायकांनी महिला डॉक्टर मागून पाहावी. पुरुष डॉक्टर तपासत असतील तर सोबत एखादी बाई असणं हा हक्क आहे.

टणक, वाढती किंवा रक्त येणारी गाठ असेल तर आठवड्याभरात जा. मऊ, न बदलणारी असेल तर सवडीने, पण दोन-तीन आठवड्यांत. ताप, लाल गरम सूज आणि ठणका, किंवा बाहेर आलेला मोड आत जाईना व काळा-निळा पडतोय, तर त्याच दिवशी. मधुमेह असलेल्यांनी ठणक्याची रात्रभरही वाट पाहू नये, तिथला पू वेगाने पसरतो.

तपासून ‘काही नाही’ म्हटलं, तर केसपेपरवर निदान, गाठीचा आकार आणि गुदद्वाराला घड्याळाची तबकडी मानलं तर ती कितीच्या आकड्यावर आहे, एवढं लिहून घ्या. सहा महिन्यांनी दुसऱ्या डॉक्टरांना ती वाढली की नाही, हे त्या एका ओळीवरून कळतं.